फळांच्या अर्काची चाचणी करताना: अँटिऑक्सिडंट आणि एन्झाइम-रोधक गुण मोजण्याची पहिली वाटचाल

फळांच्या अर्कावर काम करायला घेणाऱ्याला बहुतेक वेळा दोन गोष्टी मोजायच्या असतात. एक, हा अर्क फ्री रॅडिकलना, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असल्याने सहसा फार क्रियाशील असलेल्या रेणूंना, किती निष्प्रभ करतो. दोन, स्टार्च फोडणाऱ्या, मेलॅनिन तयार करणाऱ्या किंवा अशाच एखाद्या एन्झाइमला तो किती अडवतो. दोन्ही चाचण्या हाताला सोप्या आहेत. थोडी रसायनं, द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारा एक स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि नीट चालणारी पिपेट एवढ्यावर लवकरच आकडे मिळायला लागतात. अडचण तिथूनच सुरू होते. आकडा दर वेळी मिळतोच, पण तो कशामुळे आला हे तपासणाऱ्यालाच शोधावं लागतं.

फळात पॉलिफेनॉल (बहुतेक वेळा आपण शोधतो ते वनस्पतींतले घटक) असतात, तशीच भरपूर साखर असते, सेंद्रिय आम्लं असतात, व्हिटॅमिन सी असतं आणि डोळ्यांना दिसणारा रंग असतो. साखर, आम्ल, व्हिटॅमिन सी आणि रंग हे चौघं कुठल्या ना कुठल्या चाचणीत घुसून निकाल वर-खाली करतात. म्हणून खाली प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येईल: दिसणारा परिणाम आपण शोधतोय त्या घटकाचा आहे, की या चौघांपैकी कुणाचा?

आधी प्रश्न ठरवा, मग फळ कापा

फळाचा कुठला भाग तपासायचा हे आधी पक्कं करा. साल, गर आणि बी यांची रसायनं वेगवेगळी असतात. सफरचंदाच्या सालीत क्वेर्सेटिन या पॉलिफेनॉलची संयुगं गरापेक्षा कितीतरी जास्त असतात, द्राक्षातले प्रोअँथोसायनिडिन हे टॅनिन (तुरट, मोठे पॉलिफेनॉल) बीमध्ये एकवटलेले असतात, आणि डाळिंबाच्या सालीतले टॅनिन दाण्यांच्या रसापेक्षा फार जास्त असतात. तिन्ही एकत्र वाटून अर्क काढला तर मिळणारा आकडा कुठल्याच भागाचा राहत नाही.

पिकण्याची अवस्थाही लिहून ठेवा. कच्च्या फळात टॅनिन जास्त असतात, पिकताना साखर आणि रंगद्रव्यं वाढतात. 'पिकलेलं फळ' एवढी नोंद पुरेशी नाही. रसाचं ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) मोजून लिहिलं तर दुसऱ्या कुणाला तुमचं काम पडताळता येतं.

तिसरी गोष्ट पाण्याची. बहुतेक रसाळ फळांत ८० ते ९० टक्के पाणी असतं. समजा ओल्या वजनावर १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅम फेनॉल आले आणि फळात ८५ टक्के पाणी आहे, तर तोच आकडा सुक्या वजनावर १०० ग्रॅममागे सुमारे १,३३३ मिलिग्रॅम होतो. दोन फळांची तुलना करताना एकाचा आकडा ओल्या वजनावर आणि दुसऱ्याचा सुक्या वजनावर घेण्याची चूक छापील लेखांतही दिसते. पहिल्याच दिवशी प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग वाळवून ओलाव्याचं प्रमाण काढून ठेवा.

नमुना आणि अर्क

फळ कापल्यावर ते तपकिरी पडतं ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या एन्झाइममुळे. पेशी फुटल्या की हे एन्झाइम आणि फेनॉल एकमेकांना भेटतात आणि आपल्याला मोजायचा माल आपल्या डोळ्यांदेखत नष्ट व्हायला लागतो. त्यामुळे कापणं आणि पुढची कृती यांत वेळ दवडायचा नाही. तुकडे लगेच द्रव नायट्रोजनमध्ये किंवा उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये टाकावेत आणि मग फ्रीझ-ड्रायरवर वाळवावेत. फ्रीझ-ड्रायर नसेल तर ताजे तुकडे थेट गार मिथेनॉलमध्ये टाकून वाटा, सॉल्व्हंटमुळे एन्झाइम लवकर निकामी होतं. उन्हात किंवा गरम ओव्हनमध्ये वाळवलेल्या नमुन्यावरून ताज्या फळाबद्दल काही बोलू नये.

सॉल्व्हंट निवडताना आपल्याला काय काढायचंय ते बघा. बहुतेक पॉलिफेनॉलसाठी ७० ते ८० टक्के मिथेनॉल किंवा इथेनॉल चांगलं चालतं. शुद्ध सॉल्व्हंटपेक्षा थोडं पाणी मिसळलेलं सॉल्व्हंट जास्त माल काढतं, कारण पाण्यामुळे ऊती फुगतात. मोठ्या टॅनिनसाठी ७० टक्के अ‍ॅसिटोन सरस ठरतं. अँथोसायनिन (लाल-जांभळी रंगद्रव्यं) हवे असतील तर सॉल्व्हंटमध्ये ०.१ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घालावं, म्हणजे त्यांचा लाल रंग टिकतो. कॅरोटिनॉइड (पिवळी-केशरी रंगद्रव्यं) यातल्या अल्कोहोलच्या मिश्रणांत नीट येत नाहीत. त्यांचा अर्क वेगळा काढावा लागतो आणि त्यांचं मोजमापही वेगळं असतं. मिथेनॉल विषारी आहे, म्हणून ते फ्यूम हूडमध्येच हाताळा. अर्क पुढे खाण्याच्या पदार्थात जाणार असेल तर सुरुवातच इथेनॉलने करा.

सुरुवातीला ही कृती पुरते: १ ग्रॅम फ्रीझ-ड्राय पूड, २० मिलिलीटर ८० टक्के मिथेनॉल, सोनिक बाथमध्ये ३० मिनिटं. बाथचं पाणी चालता चालता तापतं, त्यात बर्फ टाकत राहा. मग सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण काढून घ्या आणि उरलेल्या चोथ्यावर हीच कृती आणखी दोनदा करा. एकदाच काढलेल्या अर्कात बराच माल चोथ्यात राहून जातो, आणि प्रत्येक फळात तो सारख्या प्रमाणात राहत नाही. तिन्ही वेळचं द्रावण एकत्र करून ठरावीक आकारमानाला आणा. सॉल्व्हंट उडवायचं असेल तर रोटरी इव्हॅपोरेटरचं बाथ ४० अंशांच्या आत ठेवा. अर्क गडद काचेच्या बाटलीत, छोट्या छोट्या भागांत विभागून, उणे २० किंवा त्याखाली ठेवा. एकच बाटली पुन्हा पुन्हा वितळवून गोठवली की आठवड्यागणिक आकडे घसरत जातात.

याच टप्प्यावर साखर काढून टाकण्याचा निर्णय घ्यावा. एन्झाइमच्या चाचण्या करायच्या असतील तर मी हे काम जवळपास सक्तीचं मानते. सी-१८ कार्ट्रिज (कमी पाणीप्रेमी रेणू धरून ठेवणारी छोटी नळी) घ्या, ते मिथेनॉलने आणि मग किंचित आम्लयुक्त पाण्याने भिजवा. अर्कातलं अल्कोहोल आधी उडवून उरलेलं पाणचट द्रावण त्यावर सोडा. आम्लयुक्त पाण्याने धुतलं की साखर, सेंद्रिय आम्लं आणि व्हिटॅमिन सी खाली निघून जातात. मागे राहिलेले पॉलिफेनॉल मिथेनॉलने उतरवून घ्या. काही लहान, जास्त पाणीप्रेमी फेनॉल धुताना निसटतात, हे ध्यानात असू द्या. धुतलेला भागही फेकू नका. त्याचीही तीच चाचणी करा, म्हणजे एकूण परिणामातला किती वाटा कुणाचा हे कळतं.

एकूण फेनॉल: सोपी चाचणी, सैल अर्थ

फोलिन-चिओकाल्टो ही चाचणी १९२७ची. आज वापरतो ती पद्धत सिंगलटन आणि रॉसी यांनी १९६५ साली वाईनसाठी बसवली. पिवळा रीएजंट क्षारीय द्रावणात फेनॉलकडून इलेक्ट्रॉन घेऊन निळा होतो आणि तो निळा रंग ७६५ नॅनोमीटरला वाचतात. मायक्रोप्लेटमध्ये २० मायक्रोलीटर अर्क, दहा पट पातळ केलेला रीएजंट १०० मायक्रोलीटर, पाच मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट ८० मायक्रोलीटर, मग अंधारात अर्धा ते दोन तास. वेळ कुठलीही निवडा, पण सगळ्या नमुन्यांना तीच ठेवा. स्टँडर्ड (तुलनेसाठीचा ज्ञात पदार्थ) गॅलिक आम्लाचा. रीएजंटची बाटली हिरवट दिसायला लागली तर ती बाजूला ठेवा, तो आधीच क्षपित झालाय, म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन घेतलेत.

हा रीएजंट फक्त फेनॉल ओळखत नाही. व्हिटॅमिन सी त्याला झटकन निळं करतं, क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारी) साखरही थोडा हातभार लावते. व्हिटॅमिन सी भरपूर असलेल्या फळात 'एकूण फेनॉल' म्हणून मिळालेल्या आकड्याचा मोठा भाग व्हिटॅमिन सीचा असू शकतो. ते एचपीएलसी या रेणू वेगळे करणाऱ्या यंत्रावर वेगळं मोजून वजा करा, किंवा सी-१८वरून काढलेल्या भागावर चाचणी करा.

डीपीपीएच: इथे सावकाश थांबा

डीपीपीएच हा जांभळ्या रंगाचा स्थिर फ्री रॅडिकल आहे. अँटिऑक्सिडंट शोधायला त्याचा उपयोग ब्लॉय यांनी १९५८ साली सुचवला. अर्कातल्या घटकाने त्याला हायड्रोजन अणू किंवा इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग फिकट पिवळा होतो. ५१७ नॅनोमीटरला हे उतरतं शोषण मोजतात.

कृती अशी:

३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलिलीटर मिथेनॉलमध्ये विरघळवा, म्हणजे ०.१ मिलिमोलर द्रावण झालं. हे रोजच्या रोज ताजं करा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा. क्युव्हेटमध्ये ३ मिलिलीटर डीपीपीएच आणि १ मिलिलीटर अर्क, निदान पाच-सहा वेगवेगळ्या तीव्रतांना. कंट्रोलमध्ये अर्काऐवजी त्याचंच सॉल्व्हंट. अंधारात ३० मिनिटांनी रीडिंग घ्या.

आणखी एक नळी हवी, आणि नवखे लोक नेमकी तीच वगळतात: १ मिलिलीटर अर्क आणि ३ मिलिलीटर साधं मिथेनॉल. हा नमुन्याचा स्वतःचा ब्लँक. अँथोसायनिनही ५२० नॅनोमीटरच्या आसपासच प्रकाश शोषतात, त्यामुळे लाल-जांभळ्या फळात डीपीपीएचचा रंग उडाला तरी फळाचा रंग मागे उरतो आणि अर्क कमजोर दिसतो. समजा कंट्रोलचं रीडिंग ०.८६, नमुन्याचं ०.४१ आणि नमुन्याच्या ब्लँकचं ०.०९ आलं. ब्लँक वजा न करता हिशेब केला तर ५२ टक्के रोध (कंट्रोलच्या तुलनेत झालेली घट) येतो. ०.४१ मधून ०.०९ वजा करून ०.३२ धरला तर ६३ टक्के येतो. एवढा फरक फक्त एका नळीमुळे.

पद्धत हातात बसलीय का हे पाहण्याची एक चांगली कसोटी आहे. व्हिटॅमिन सीचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो. म्हणजे निम्मे डीपीपीएच संपवायला डीपीपीएचच्या एक चतुर्थांश व्हिटॅमिन सी लागायला हवं. वरच्या मिश्रणात डीपीपीएचची अंतिम तीव्रता ०.०७५ मिलिमोलर आहे, तिचा चौथा भाग ०.०१८७५ मिलिमोलर. वजनात सांगायचं तर अंतिम मिश्रणात मिलिलीटरमागे साधारण ३.३ मायक्रोग्रॅम. तुमचा व्हिटॅमिन सीचा आयसी-५० (निम्मा परिणाम घडवणारी तीव्रता) याच्या जवळपास आला तर पिपेट, वजन आणि रसायन तिन्ही ठीक आहेत. तो ३०च्या घरात गेला तर अर्क हातात घेऊच नका, आधी चूक शोधा. आणि १३ आला, तर बहुधा तुम्ही अंतिम मिश्रणाऐवजी घातलेल्या १ मिलिलीटरमधली तीव्रता लिहिलीय. दोन्हींत चार पटींचा फरक पडतो, म्हणून कुठली तीव्रता लिहिली ते तक्त्याखाली स्पष्ट सांगा.

याच हिशेबातून आणखी एक मुद्दा निघतो. आयसी-५० हा सुरुवातीला किती डीपीपीएच घेतला त्यावर अवलंबून असतो. डीपीपीएच दुप्पट घेतला की तेवढाच चांगला अर्क निम्म्या ताकदीचा दिसतो. त्यामुळे दोन वेगळ्या लेखांतले आयसी-५० शेजारी ठेवून 'आमचं फळ सरस' असं म्हणता येत नाही. निकाल ट्रोलॉक्सच्या तुल्य प्रमाणात द्या. ट्रोलॉक्स हे व्हिटॅमिन ईचं पाण्यात विरघळणारं रूप आहे, आणि ते त्याच दिवशी त्याच प्लेटवर चालवलेलं असलं की तुलनेला काही आधार मिळतो.

३० मिनिटं हा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. व्हिटॅमिन सी काही सेकंदांत काम संपवतं, पण बरेच पॉलिफेनॉल तासभरही हळूहळू प्रतिक्रिया देत राहतात. पहिल्या दिवशी एका अर्काचं रीडिंग दर पाच मिनिटांनी घेऊन आलेख काढा. रेषा सपाट कुठे होते ते बघून वेळ ठरवा. डीपीपीएच पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणचट अर्क जास्त घातला की द्रावण गढूळ होतं आणि रीडिंगला अर्थ उरत नाही.

एका पद्धतीवर थांबू नये म्हणून सोबत एबीटीएस (आणखी एका रंगीत रॅडिकलची चाचणी) किंवा एफआरएपी करतात. एबीटीएससाठी ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट एकत्र करून १२ ते १६ तास अंधारात ठेवावं लागतं. मग ते निळं-हिरवं द्रावण ७३४ नॅनोमीटरला ०.७० रीडिंग येईल इतकं पातळ करायचं. ही तरंगलांबी लाल रंगद्रव्यांपासून लांब असल्याने रंगीत फळांसाठी मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते. एफआरएपी ही बेन्झी आणि स्ट्रेन यांची १९९६ची पद्धत. यात फेरिक लोहाचं फेरस होणं ५९३ नॅनोमीटरला मोजतात, तेही पीएच ३.६ला. इथे कुठलाही फ्री रॅडिकल नसतो, फक्त क्षपण करण्याची ताकद मोजली जाते. म्हणून एफआरएपीच्या निकालाला 'रॅडिकल नष्ट करण्याची क्षमता' म्हणू नका.

एन्झाइमकडे वळताना

अँटिऑक्सिडंट चाचणीत आपण रसायनाशी खेळतो, इथे प्रथिनाशी. प्रथिन पीएचने बिघडतं, सॉल्व्हंटने बिघडतं, फेसाने आणि उष्णतेने बिघडतं. त्यामुळे अर्क लावण्याआधी फक्त एन्झाइम आणि सब्सट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) घेऊन एक दिवस काढा. वेळेनुसार रंग कसा वाढतो याचा आलेख काढा आणि तो सरळ रेषेत जातो तेवढाच काळ चाचणीसाठी वापरा. एन्झाइम निम्मं केलं तर उतार निम्मा व्हायला हवा. हे जमत नसेल तर पुढचा कुठलाही रोधाचा आकडा खरा धरता येणार नाही.

मग सॉल्व्हंट तपासा. अर्क बहुधा डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये किंवा मिथेनॉलमध्ये असतो, आणि अंतिम मिश्रणात त्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली ठेवलेलं बरं. कंट्रोलमध्येही तेवढंच सॉल्व्हंट घाला. आणि पीएच? फळाच्या अर्कात सायट्रिक, मॅलिक, टार्टारिक आम्लं असतात. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) कमजोर असेल तर अर्काच्या वरच्या तीव्रतांना मिश्रणाचा पीएच घसरतो, एन्झाइम मंदावतं आणि आपण 'रोध' म्हणून त्याची नोंद करतो. सगळ्यात तीव्र अर्क बफरमध्ये मिसळून पीएच मीटरवर एकदा पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

अल्फा-ग्लुकोसिडेज, नीट उलगडून

सुरुवात साखरेच्या साखळ्यांतून ग्लुकोज सुटं करणाऱ्या या एन्झाइमने करावी, कारण चाचणी स्वच्छ आहे आणि शिकायला भरपूर मिळतं. पीएनपीजी हा रंगहीन सब्सट्रेट असतो. एन्झाइम त्याला फोडून पॅरा-नायट्रोफिनॉल सोडतं, आणि ते क्षारीय द्रावणात पिवळं दिसतं. ४०५ नॅनोमीटरला वाचायचं.

०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ६.८. बफर, अर्क आणि एन्झाइम एकत्र करून ३७ अंशांना १० मिनिटं ठेवा. मग पीएनपीजी घालून वेळ सुरू करा. आधी ठरवलेल्या वेळी ०.१ किंवा ०.२ मोलर सोडियम कार्बोनेट घालून प्रतिक्रिया थांबवा. पीएनपीजीची तीव्रता एन्झाइमच्या केएमच्या (एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो त्या तीव्रतेच्या) आसपास ठेवा. ती भरमसाट वाढवली तर सब्सट्रेटच्या जागेसाठी स्पर्धा करणारा रोधक हरतो आणि चांगला अर्कही निष्क्रिय दिसतो.

ब्लँकमध्ये अर्क, बफर आणि पीएनपीजी घ्यायचं, एन्झाइमऐवजी बफर घालायचं, आणि शेवटी सोडियम कार्बोनेटही घालायचं. हे शेवटचं विसरू नका. फ्लेव्होनॉइड क्षारात गडद पिवळे होतात, अँथोसायनिन लालवरून निळसर-हिरवट आणि मग पिवळट होतात. कार्बोनेट न घातलेल्या ब्लँकचा रंग आणि चाचणीतल्या अर्काचा रंग एकच नसतो, त्यामुळे ती वजाबाकी चुकते.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे या विषयातले ढीगभर दावे पोकळ ठरतात. चाचणीत बहुतेक जण यीस्टमधलं अल्फा-ग्लुकोसिडेज वापरतात, कारण ते सहज मिळतं. तुलनेसाठी अकार्बोज हे मधुमेहाचं औषध घेतात. पण अकार्बोज हे सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एन्झाइमवर प्रभावी आहे, यीस्टच्या एन्झाइमवर फारच कमजोर. म्हणून यीस्टवर जवळजवळ कुठलाही पॉलिफेनॉलयुक्त अर्क 'अकार्बोजपेक्षा कितीतरी पटींनी सरस' ठरतो. मधुमेहाशी संबंध जोडायचा असेल तर उंदराच्या आतड्याच्या पावडरीतून काढलेलं माल्टेज किंवा सुक्रेज वापरा. यीस्टवरच काम केलं असेल तर अकार्बोजशी तुलना करून मोठे निष्कर्ष काढू नका. त्या चाचणीला क्वेर्सेटिनसारखा, यीस्टच्या एन्झाइमला खरोखर अडवणारा स्टँडर्ड जास्त योग्य.

अल्फा-अमायलेज आणि साखरेची अडचण

अल्फा-अमायलेज स्टार्च फोडतं. इथे त्यातून सुटलेली क्षपणक साखर डीएनएस रीएजंटने ५४० नॅनोमीटरला मोजतात. बफर पीएच ६.९चा, त्यात थोडं मीठ, कारण या एन्झाइमला क्लोराइड लागतं. डीएनएस घातलं की प्रतिक्रिया थांबते, मग उकळत्या पाण्यात ठेवून रंग येऊ द्यायचा.

फळाच्या अर्कात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच भरलेले असतात आणि डीएनएसला ते एन्झाइमने सोडलेल्या साखरेसारखेच दिसतात. समजा कंट्रोल ०.८० आणि अर्क घातलेली नळी ०.९५. सरळ हिशेबाने रोध उणे १९ टक्के, म्हणजे अर्क एन्झाइमला चालना देतोय असं वाटेल. एन्झाइम न घातलेल्या ब्लँकचं रीडिंग ०.५५ निघालं, की ०.९५ वजा ०.५५ बरोबर ०.४०, आणि रोध ५० टक्के. पण ब्लँकच इतका मोठा असेल तर वजाबाकीतली छोटी चूकही निकाल हलवते. त्यामुळे इथे सी-१८ने साखर काढलेला भागच वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

टायरोसिनेज: वक्र बघा, शेवटचा आकडा नको

टायरोसिनेज हे मेलॅनिन तयार करणारं एन्झाइम. मशरूममधलं टायरोसिनेज एल-डोपाचं डोपाक्विनोन करतं आणि त्यापासून बनणारं डोपाक्रोम ४७५ नॅनोमीटरला केशरी-लाल दिसतं. स्टँडर्ड कोजिक आम्ल. व्हिटॅमिन सी इथे वेगळाच घोळ घालतं. ते एन्झाइमला हात लावत नाही, तयार झालेल्या डोपाक्विनोनला परत डोपा करून टाकतं. एन्झाइम पूर्ण वेगाने चालू असतं, रंग मात्र येत नाही. दहाव्या मिनिटाला एकच रीडिंग घेणाऱ्याला तो ९० टक्के रोध वाटतो.

यावर उपाय म्हणजे दर ३० सेकंदांनी रीडिंग घेऊन वक्र काढणे. व्हिटॅमिन सीमुळे रंग थांबला असेल तर वक्र काही काळ सपाट राहतो आणि व्हिटॅमिन सी संपलं की कंट्रोलच्याच उतारावर वर चढतो. खरा रोधक असेल तर उतारच कमी होतो आणि कमीच राहतो. हे दोन वक्र एकदा शेजारी शेजारी पाहिले की फरक लगेच कळतो. सोपं करून सांगायचं तर, पंप बंद पडलाय की पंप चालू असून पाणी दुसरीकडून परत जातंय, हे टाकीत एकदा डोकावून कळत नाही. पातळी चढते कशी, ते बघत बसावं लागतं.

अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजसाठी एलमन यांची १९६१ची ४१२ नॅनोमीटरची पद्धत आहे, लायपेज आणि झँथिन ऑक्सिडेजच्याही रूढ चाचण्या आहेत. ब्लँक, पीएच आणि सरळ रेषेचे वरचे नियम त्यांनाही तसेच लागू पडतात.

टॅनिन सगळ्यांनाच अडवतात

एखादा अर्क अमायलेजला अडवतो, ग्लुकोसिडेजला अडवतो, टायरोसिनेजला आणि लायपेजलाही. हे वाचून आनंद होण्याआधी संशय यायला हवा. टॅनिन प्रथिनांना चिकटतात आणि त्यांचा साका करतात. तुरट फळ खाल्ल्यावर तोंड कोरडं पडतं ते याचमुळे, लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात. नळीतलं एन्झाइमही प्रथिनच आहे.

तपासायचे मार्ग सोपे आहेत. मिश्रणात ०.०१ टक्के ट्रायटॉन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून चाचणी पुन्हा करा. रोध नाहीसा झाला तर रेणूंच्या गुठळ्यांनी एन्झाइम ओढून घेतलं होतं. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन हे गायीच्या रक्तातलं प्रथिन घालून रोध एकदम पडला तर तेही असंच लक्षण. पीव्हीपीपी पावडरीने अर्कातले टॅनिन काढून टाका आणि उरलेल्या अर्काचा रोध मोजा. काही शिल्लक राहिलं तर तिथे शोधण्यासारखं काहीतरी आहे. मिश्रण गढूळ होतंय का, हे तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं.

हे सगळं पार करून रोध टिकला, तरच त्याचा प्रकार शोधायला बसा. सब्सट्रेटच्या वेगवेगळ्या तीव्रतांना वेग मोजून तो स्पर्धक (सब्सट्रेटच्याच जागेसाठी भांडणारा), अस्पर्धक (वेगळ्या जागी चिकटणारा) की मिश्र ते ठरवतात. लाइनवीव्हर-बर्कची १९३४ची सरळ रेषा अजून सगळीकडे काढतात, पण ती कमी तीव्रतेच्या रीडिंगमधल्या चुका फुगवते. संगणकावर थेट वक्र बसवणं जास्त चांगलं. आणि अर्क म्हणजे शेकडो रेणूंचं मिश्रण आहे, हे विसरून अर्काचा केआय (रोधक एन्झाइमला किती घट्ट धरतो त्याचा आकडा) काढण्यात अर्थ नाही. केआय शुद्ध रेणूचा असतो.

तीन नळ्या म्हणजे तीन नमुने नव्हेत

एकाच अर्कातून तीन नळ्या भरल्या तर तुमची पिपेट किती स्थिर आहे ते कळतं, फळाबद्दल काही कळत नाही. वेगवेगळ्या झाडांची किंवा वेगवेगळ्या खेपांची फळं घेऊन निदान तीन स्वतंत्र अर्क काढा आणि प्रत्येक अर्काच्या तीन नळ्या करा. आकडेवारी स्वतंत्र अर्कांवर चालवायची. नऊ नळ्यांना नऊ नमुने म्हणून सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की सगळंच 'लक्षणीय' दिसायला लागतं.

निकाल लिहिताना कुठे थांबायचं

अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओआरएसी (अँटिऑक्सिडंट क्षमता मोजण्याची आणखी एक नळीतली चाचणी) मूल्यांची यादी २०१२ साली आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण नळीतली अँटिऑक्सिडंट क्षमता आणि माणसाच्या आरोग्यावरचा परिणाम यांचा संबंध दाखवता येत नव्हता आणि त्या आकड्यांचा जाहिरातींत गैरवापर होत होता. बहुतेक पॉलिफेनॉल आतड्यातून कमी शोषले जातात, यकृत आणि आतड्यातले जंतू त्यांचं रूप बदलतात, आणि रक्तात मूळ रेणू फार कमी तीव्रतेला पोहोचतो. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते हे खरं, पण त्यातला मोठा वाटा फ्रुक्टोजमुळे वाढलेल्या युरिक आम्लाचा असल्याचं दिसून आलंय. पॉलिफेनॉलचा नव्हे.

अमायलेज आणि ग्लुकोसिडेजची गोष्ट थोडी वेगळी आहे. ही एन्झाइम आतड्याच्या पोकळीत आणि अस्तरावर काम करतात, त्यामुळे अर्क रक्तात शोषला गेला नाही तरी त्यांना भेटू शकतो. म्हणूनच मला या दोन चाचण्यांत अँटिऑक्सिडंट चाचण्यांपेक्षा जास्त शक्यता दिसते. तिथेही जेवणातली प्रथिनं टॅनिनला आधीच अडकवतात, हे लिहायला विसरू नका.

फळातला रोधक माणसात खरंच परिणाम करतो याचं सर्वांत ठळक उदाहरण ग्रेपफ्रूटचं आहे. फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाच्या एका अभ्यासात अल्कोहोलची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस दिला होता आणि औषधाची रक्तातली पातळी अनपेक्षितपणे वाढली. डेव्हिड बेली आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली हा परिणाम नीट तपासून मांडला. पुढे कळलं की रसातली बर्गामोटिनसारखी फ्युरानोकुमारिन आतड्याच्या अस्तरातल्या, औषधं मोडणाऱ्या सीवायपी-३ए-४ या एन्झाइमला कायमचं निकामी करतात. शरीर नवं एन्झाइम बनवेपर्यंत, म्हणजे एक दिवसाहून जास्त काळ, परिणाम टिकतो. तुमचा अर्क पूरक आहार म्हणून सुचवायचा विचार असेल तर हे एन्झाइमही तपासा, कारण तो घेणारे बरेच जण सोबत औषधं घेत असतात.

निष्कर्षाच्या परिच्छेदात 'मधुमेहावर गुणकारी' किंवा 'त्वचा उजळते' असे शब्द नकोत. 'सी-१८ने साखर काढलेल्या सालीच्या अर्काने उंदराच्या आतड्यातल्या माल्टेजला नळीत अमुक आयसी-५०ने अडवलं, ट्रायटॉन घातल्यावरही रोध टिकला' असं लिहा. पुढचा संशोधक या वाक्यावरून तुमची चाचणी पुन्हा करू शकतो आणि तो रेणू कुठला ते शोधायला लागू शकतो.